गाठींची शोभेची वेणी: दोरी निवडण्यापासून टोक लपवण्यापर्यंत

केसांच्या तिपेडी वेणीचे टोक सुटले की ती हळूहळू उलगडत जाते, कारण तिच्यातले पेड एकमेकांवरून नुसते गेलेले असतात. त्यांना जागेवर धरून ठेवणारे काही नसते. गाठींच्या वेणीची रचना वेगळी आहे. तिच्यात काही दोरे मधोमध सरळ उभे राहतात आणि उरलेले दोरे त्यांच्याभोवती एकेक गाठ मारत खाली उतरतात. प्रत्येक गाठ वरच्या गाठीला टेकून बसते, म्हणून अशी वेणी ताण सहन करते, आपला आकार राखते आणि हातात घेतल्यावर भरीव लागते. पिशवीचा पट्टा, किल्ल्यांचा गोफ, कुंडीचे शिंके, पडद्याचा बंद, मनगटावरचे कडे अशा अनेक वस्तू या एकाच पद्धतीने तयार होतात. शिडाच्या जहाजांवरचे खलाशी लांबच्या प्रवासात रिकाम्या वेळी अशाच गाठींनी पट्टे, झालरी आणि जहाजाच्या घंटेच्या दोऱ्या बनवत असत. १९७० च्या दशकात मॅक्रमे या नावाने ही कला पुन्हा घरोघरी पोचली आणि आजही तिच्या मुळाशी असलेल्या गाठी त्याच आहेत.

या गाठी संख्येने अगदी थोड्या आहेत. नवशिक्याने दहा प्रकार अर्धवट शिकण्यापेक्षा एक चौकोनी गाठ इतकी पक्की करावी की चालू कामाकडे पाहून पुढचा दोरा कोणता उचलायचा ते चटकन कळले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. बांधलेली वेणी वाचता येऊ लागली की बाकीचे प्रकार आपोआप सोपे होतात, म्हणून या लेखात त्या एका गाठीला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

दोरी कशी निवडावी

शिकण्यासाठी ३ ते ४ मिलिमीटर जाडीची, फिक्या रंगाची सुती दोरी सर्वांत चांगली. त्याहून बारीक दोऱ्यात गाठीची घडण डोळ्यांना दिसत नाही आणि काळ्या किंवा गडद दोरीत सावली व दोरा वेगळे ओळखता येत नाहीत. सुती दोरी हातातून सटकत नाही आणि चुकलेली गाठ सोडवली तरी फारशी खराब होत नाही. नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या दोऱ्या गुळगुळीत व चिवट असतात आणि पाण्याने कुजत नाहीत. पण त्याच गुळगुळीतपणामुळे त्यांची गाठ हात सोडताच सैल पडू पाहते. तागाची सुतळी दिसायला सुंदर असली तरी तिचे तंतू बोटांना टोचतात आणि गाठ सरकवताना ती अडखळते, त्यामुळे ती पहिल्या कामासाठी घेऊ नये.

दोरीची घडणही पाहावी. तीन पेडांना पीळ देऊन केलेली दोरी कापली की तिचे टोक लगेच उलगडते. अशी दोरी कापण्यापूर्वी कापायच्या जागेभोवती चिकटपट्टी गुंडाळावी आणि त्या पट्टीच्या मधोमध कात्री चालवावी. दोन्ही टोके एकाच वेळी बांधली जातात. विणीव दोरी, म्हणजे बाहेरून नळीसारखे विणलेले आवरण असलेली दोरी, पीळ सोडत नाही आणि तिची गाठ गोलसर, रेखीव दिसते. सैल पिळाची एकपदरी सुती दोरी झालर आणि गोंडा यांसाठी उत्तम असते, पण पुन्हा पुन्हा उसवली तर ती पिंजारते.

दोरी सुती आहे की कृत्रिम, याची खात्री नसेल तर छोटा तुकडा चिमट्यात धरून त्याचे टोक पेटवून पाहावे. सुती दोरा कागदासारखा जळून मऊ राख सोडतो; कृत्रिम दोरा वितळतो आणि थंड झाल्यावर टोकाला कडक मणी बनतो. शेवटी टोके कशी बंद करायची हे या फरकावरच ठरते. वितळता थेंब कातडीला चिकटून बसतो आणि खोल भाजतो, म्हणून तो गार होईपर्यंत बोट लावू नये.

सुती दोरीची वस्तू पुढे धुवावी लागणार असेल, तर काम सुरू करण्यापूर्वी दोरी पाण्यात भिजवून, न ताणता वाळवून घ्यावी. सूत पहिल्या धुण्यात आटते आणि गाठी बांधल्यानंतर आटले तर वेणी ठिकठिकाणी आकसते.

किती दोरी लागेल

नवशिक्याचे काम बहुतेक वेळा इथेच फसते. वेणी तीन चतुर्थांश झाली की दोरा संपतो. गाभ्याचे दोरे, म्हणजे मधले सरळ उभे दोरे, वेणीच्या लांबीइतकेच खर्च होतात. गुंफणीचे दोरे, म्हणजे गाठ मारणारे बाहेरचे दोरे, मात्र प्रत्येकी वेणीच्या लांबीच्या साडेचार ते पाचपट लागतात. दोन्हींना शेवटच्या टोकासाठी किमान १५ सेंटिमीटर जादा ठेवावे, कारण त्याहून आखूड टोक बोटांत धरून ओढता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. कड्यावर अडकवून २० सेंटिमीटर लांबीची, चार दोऱ्यांची वेणी करायची आहे. गाभ्याचा प्रत्येक दोरा २० अधिक १५, म्हणजे ३५ सेंटिमीटर हवा. गुंफणीचा प्रत्येक दोरा २० च्या पाचपट, म्हणजे १०० अधिक १५, असा ११५ सेंटिमीटर हवा. प्रत्यक्षात चार वेगळे तुकडे कापायचे नसतात. प्रत्येकी १५० सेंटिमीटरचे दोन तुकडे घेऊन ते मध्यावर न दुमडता एका टोकापासून ३५ सेंटिमीटरवर दुमडायचे, म्हणजे प्रत्येक तुकड्याला एक आखूड आणि एक लांब बाजू मिळते. कड्यात अडकवताना आखूड बाजू आत, लांब बाजू बाहेर ठेवली की गाभा आणि गुंफण दोन्ही आपापल्या जागी येतात. एकूण दोरी लागली ३ मीटर. कड्याभोवतीच्या वळशात थोडी दोरी जाते, तिचा खर्च त्या १५ सेंटिमीटरच्या जाद्या भागातून निघतो.

दोरी जाड असो वा बारीक, गाभा आणि गुंफण सारख्याच जाडीची असतील तर हे प्रमाण जवळजवळ बदलत नाही. दोरी दुप्पट जाड झाली की एका गाठीला दुप्पट दोरा लागतो, पण तीच गाठ वेणीची लांबीही दुप्पट भरून काढते. प्रमाण बदलते ते हाताच्या आवळण्यामुळे, आणि गाभा जाड व गुंफण बारीक ठेवल्यास. तसे केले तर बारीक दोऱ्याचे वेढे जास्त बसतात आणि खर्च पाचपटीच्या पुढे जातो. म्हणून मोठे काम हाती घेण्यापूर्वी त्याच दोरीचा ५ सेंटिमीटरचा नमुना बांधून पाहावा. गुंफणीचा दोरा आधी ५० सेंटिमीटर होता आणि नमुना झाल्यावर २६ उरला, तर २४ खर्च झाले. २४ भागिले ५, म्हणजे आपल्या हाताचे प्रमाण ४.८. हा आकडा वहीत लिहून ठेवावा, कारण तो ज्याचा त्यालाच लागू पडतो.

मांडणी आणि ताण

वेणीचे वरचे टोक पक्के अडकवल्याशिवाय एकही गाठ मारू नये. क्लिपबोर्डच्या चापात कडे अडकवावे, जाड पुठ्ठ्यावर टाचणीने टोचावे किंवा टेबलाच्या कडेला भक्कम चिकटपट्टीने बसवावे. कड्यात दोरा अडकवताना दुमडलेला फास कड्याच्या मागून घालून पुढे खाली आणावा आणि दोन्ही सुटी टोके त्या फासातून ओढून घ्यावीत. दोन्ही तुकडे शेजारी शेजारी अडकवले की चार दोरे लोंबताना दिसतील: दोन आखूड मध्ये, दोन लांब बाहेर.

गाभ्याचे दोन्ही दोरे संपूर्ण कामभर ताठ राहिले पाहिजेत. त्यांची खालची टोके क्लिपबोर्डच्या तळाशी चिकटपट्टीने लावावीत किंवा काम टेबलाच्या कडेवर असल्यास कमरेच्या पट्ट्याला बांधावीत. गाभा सैल असला की गुंफणीचा दोरा ओढताना तोच वाकतो, गाठ भलत्याच दोऱ्यावर पडते आणि वेणी लाटेसारखी वेडीवाकडी होते. माझ्या पाहण्यात ओबडधोबड वेण्यांचे मुख्य कारण हेच असते. गाठ बरोबर असते, पण तिच्या आतला कणा ताठ नसतो.

चौकोनी गाठ

सगळ्यात डावीकडचा लांब दोरा गाभ्याच्या दोन्ही दोऱ्यांवरून उजवीकडे न्यावा. डावीकडे त्याचा एक फास उघडा राहील. हे डावे टोक उजव्या लांब दोऱ्याच्या खाली ठेवावे, म्हणजे उजवा दोरा त्याच्यावर येईल. आता उजवा दोरा गाभ्याच्या मागून डावीकडे न्यावा आणि डाव्या फासातून मागून पुढे काढावा. दोन्ही टोके सारख्या जोराने आडवी ओढावीत. ही झाली अर्धी गाठ.

दुसरा अर्धा भाग याच्या उलट असतो. आता उजवीकडे आलेला दोरा गाभ्यावरून डावीकडे न्यावा आणि डाव्या दोऱ्याच्या खाली ठेवावा; डावा दोरा गाभ्याच्या मागून उजवीकडे नेऊन उजव्या फासातून पुढे काढावा; मग ओढावे. चौकोनी गाठ पूर्ण झाली. हेच पुन्हा करत गेले की खाली सपाट, पट्टीसारखी वेणी तयार होते.

या क्रियेत एक गोष्ट दडलेली आहे आणि ती लक्षात आली की चुका जवळजवळ थांबतात. वरच्या दोन्ही भागांत गाभ्याच्या पुढून जाणारा दोरा एकच आहे. तो आधी डावीकडून उजवीकडे गेला, मग उजवीकडून डावीकडे परत आला. दुसरा दोरा दोन्ही वेळा मागूनच गेला. सपाट वेणीत एक दोरा कायम पुढचा आणि दुसरा कायम मागचा असतो. शिकताना पुढच्या दोऱ्याच्या टोकाला रंगीत चिकटपट्टीची खूण करावी आणि तो दोरा कोणत्याही बाजूला असो, दर वेळी त्यालाच पुढून आणावे. मोजणी करण्याची किंवा “आता डावा की उजवा” असे आठवत बसण्याची गरजच राहत नाही.

खूण नसतानाही वेणी स्वतः हे सांगते. पुढच्या बाजूला गाभ्यावर एकाखाली एक आडव्या पट्ट्या दिसतात. त्या पुढच्या दोऱ्याच्या असतात. कडांना मात्र मागच्या दोऱ्याचे छोटे उभे फुगवटे दिसतात, कारण तो तिथे पुढच्या दोऱ्याला वळसा घालून पुन्हा मागे जातो. कामातून उठून परत आल्यावर सगळ्यात खालची आडवी पट्टी शोधावी, तिचा दोरा कोणत्या बाजूला बाहेर पडला आहे ते पाहावे आणि तोच पुन्हा पुढून न्यावा. दोन रंगांचे दोरे घेतले तर हे अधिक स्पष्ट होते: पुढून पाहिल्यास मधला भाग एका रंगाचा आणि कडा दुसऱ्या रंगाच्या दिसतात, आणि वेणी उलटवली की रंगांची जागा नेमकी बदललेली असते. कोणता रंग मध्ये हवा, हे आधी ठरवून तो दोरा पुढचा करावा.

आवळण्याच्या बाबतीत घाई करू नये. दोन्ही टोके प्रथम हलकी ओढून गाठ गाभ्यावर येऊ द्यावी, मग अंगठा व तर्जनीच्या चिमटीने ती वरच्या गाठीला भिडेपर्यंत सरकवावी आणि त्यानंतरच शेवटचा ताण द्यावा. थेट जोराने ओढले तर गाठ जिथे आहे तिथेच आवळली जाते आणि वर फट राहते. ताण दोन्ही हातांचा सारखा हवा. उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा उजवा ताण नकळत जास्त पडतो आणि वेणी हळूहळू एका बाजूला कलते. चार-पाच गाठींनंतर थांबून वेणी हाताभर दूर धरून पाहावे. तेवढ्या अंतरावरून कल आणि फटी लगेच नजरेत भरतात. काम डोळ्यांजवळ असताना त्या दिसत नाहीत.

सपाट वेणी मध्येच पीळ घेऊ लागली, तर कुठेतरी एकच अर्धी गाठ दोनदा पडली आहे असे समजावे. पीळ जिथे सुरू झाला तिथून वर पाहत गेल्यास ती जागा सापडते: तिथे आडवी पट्टी ज्या बाजूला संपते, त्याच बाजूने परत फिरत नाही. तिथपर्यंत उसवणे हाच उपाय आहे. उसवताना नखाने ओरबाडू नये. बोथट टोकाची जाड सुई फुगवट्याखाली घालून दोरा सैल करावा आणि शेवटची गाठ प्रथम या क्रमाने मागे जावे.

पिळाची वेणी आणि तिचे भाऊबंद

ज्या पुनरुक्तीमुळे सपाट वेणी बिघडते, तीच मुद्दाम केली तर अत्यंत देखणी पिळाची वेणी मिळते. दर वेळी डावीकडे असलेला दोराच पुढून न्यायचा, म्हणजे फक्त पहिली अर्धी गाठ बांधत राहायचे. वेणी स्वतःहून गाभ्याभोवती फिरू लागते. साधारण ४ ते ६ अर्ध्या गाठींत ती अर्धा फेरा घेते आणि गुंफणीचे दोरे बाजू बदलून पलीकडे जाऊ पाहतात. अशा वेळी त्यांना जबरदस्तीने सरळ धरू नये, कामच उलटवून घ्यावे आणि पुन्हा डाव्या दोऱ्याने सुरुवात करावी. कायम उजवा दोरा पुढून नेला तर पीळ उलट दिशेने जातो. दोन पट्टे शेजारी टांगायचे असतील, तर एक डाव्या आणि एक उजव्या पिळाचा करावा. जोडी म्हणून ते फार शोभून दिसतात. गाठी सैल ठेवल्या तर पीळ पसरट होतो, घट्ट ठेवल्या तर तो ठाशीव दिसतो. पिळाची वेणी नवशिक्याला सपाट वेणीपेक्षा सोपी जाते, कारण बाजू बदलायची नसते. तरीही मी सपाट वेणी आधी शिकायला सांगते, कारण पिळाच्या वेणीने वेणी वाचायची सवय लागत नाही.

सपाट वेणीत दोन चौकोनी गाठींमध्ये साधारण दीड सेंटिमीटर जागा मोकळी सोडून पुढची गाठ बांधली आणि मग ती गाभ्यावरून वर सरकवली, तर दोन्ही बाजूंना दोऱ्याचे छोटे फास बाहेर उभे राहतात आणि वेणीला नाजूक किनार मिळते. सगळे फास सारखे यायचे असतील तर जागा नजरेने सोडू नये. पुठ्ठ्याची दीड सेंटिमीटर रुंद पट्टी कापून ती दर वेळी दोन गाठींमध्ये धरावी.

बोरासारखा उठाव हवा असेल तर अशी कृती करावी. सपाट वेणीत बोटभर जागा मोकळी सोडून सलग तीन किंवा चार चौकोनी गाठी बांधाव्यात. मग गाभ्याची दोन्ही टोके वर उचलून, या गाठींच्या समूहाच्या वर असलेल्या गाभ्याच्या दोन दोऱ्यांच्या फटीतून पुढून मागे घालावीत आणि मागे खाली ओढावीत. गाठींची पट्टी गुंडाळली जाऊन गोल बोर तयार होते. लगेच त्याच्याखाली एक घट्ट चौकोनी गाठ बांधली की ते जागचे हलत नाही. इथे गाभ्याचा दोरा नेहमीपेक्षा जास्त खर्च होतो. प्रत्येक बोरामागे बोराच्या पट्टीच्या सुमारे दुप्पट लांबी धरून ठेवावी.

मणी ओवायचा असेल तर तो गाभ्याच्या दोन्ही दोऱ्यांत ओवावा आणि गुंफणीचे दोरे त्याच्या दोन्ही बाजूंनी खाली आणून पुढची चौकोनी गाठ बांधावी. मण्याच्या भोकातून दोन दोरे एकदम जाणार आहेत, हे मणी विकत घेण्यापूर्वीच तपासावे. दोऱ्याच्या टोकाला थोडा डिंक लावून वाळवला की ते सुईसारखे ताठ होते.

दोन दोऱ्यांत होणारी एक सडपातळ वेणीही आहे. उजवा दोरा ताठ धरून डाव्याने त्याच्याभोवती एक साधा वेढा घालावा आणि टोक वेढ्यातून काढावे; मग डावा ताठ धरून उजव्याने त्याच्याभोवती तसेच करावे. आलटून पालटून हे करत गेले की साखळीसारखी बारीक वेणी होते. जाड दोरीत ती बोजड दिसते. १ ते २ मिलिमीटरच्या दोऱ्यात तिचे खरे रूप खुलते.

चार दोऱ्यांची गोल वेणी

आतापर्यंतच्या बहुतेक प्रकारांत मध्ये गाभा होता. या प्रकारात गाभा नसतो. चारही दोरे सारखेच काम करतात, त्यामुळे चारही समान लांबीचे घ्यावेत. चारही दोऱ्यांची टोके एकत्र बांधून गाठ मुठीत धरावी आणि दोरे अधिकच्या खुणेसारखे चार दिशांना पसरावेत: वरचा, उजवा, खालचा, डावा.

वरचा दोरा खाली दुमडून मध्याच्या किंचित उजवीकडे ठेवावा. वर त्याचा छोटा फास राहील, तो मोडू देऊ नये. उजवा दोरा डावीकडे दुमडून या पहिल्या दोऱ्याच्या शेपटावरून न्यावा. खालचा दोरा वर दुमडून उजव्याच्या शेपटावरून न्यावा. शेवटी डावा दोरा उजवीकडे दुमडून खालच्याच्या शेपटावरून न्यावा आणि पहिल्या दोऱ्याच्या राखून ठेवलेल्या फासातून बाहेर काढावा. चारही टोके एकेक करून थोडी थोडी ओढावीत. मध्ये चार चौकटींचा नेटका चौकोन दिसला पाहिजे. एखादी चौकट हरवली असेल तर एक दोरा शेजाऱ्यावरून जायचा राहिला आहे.

दर थर याच दिशेने बांधत गेल्यास वेणी गोल होते आणि तिच्यावर तिरकी वळणे उमटतात. एक थर या दिशेने आणि पुढचा थर उलट दिशेने, असे आलटून पालटून बांधल्यास वेणी चौकोनी होते, तिच्या चारही बाजू सपाट आणि कडा सरळ येतात. किल्ल्यांच्या गोफासाठी मला ही चौकोनी वेणी सर्वांत आवडते. ती हातात सहज ओळखता येते आणि वर्षानुवर्षे वापरूनही आपला आकार सोडत नाही. तिच्यात दोन रंग वापरायचे असतील, तर समोरासमोरचे दोरे एका रंगाचे ठेवावेत.

दोरा कमी पडला तर

गुंफणीचा दोरा संपत आला आणि गाभ्याचा मुबलक शिल्लक असेल, तर दोघांची अदलाबदल करावी. गाभ्याचे दोन्ही दोरे बाहेर काढून गुंफणीच्या दोऱ्यांवरून बाजूला न्यावेत, गुंफणीचे दोरे मध्ये घ्यावेत आणि पुढची चौकोनी गाठ नव्या जोडीने बांधावी. अदलाबदलीच्या जागी दोऱ्यांचा फुलीसारखा आकार दिसतो. ठरावीक अंतराने मुद्दाम केल्यास तीच वेणीची नक्षी होते.

नवा दोरा जोडावा लागला, तर त्याचे टोक गाभ्याला समांतर ठेवून जुन्या दोऱ्याने त्याच्यासह दोन-तीन गाठी बांधाव्यात. मग जुना दोरा गाभ्यात खाली सोडून नव्याने काम सुरू ठेवावे आणि आणखी तीन गाठींनंतर जुन्याचे उरलेले टोक मागच्या बाजूने कापावे. दोन दोऱ्यांना एकमेकांत निरगाठ मारून जोडू नये. ती गाठ सपाट वेणीत कायम वर डोकावत राहते.

शेवट बंद करणे

कृत्रिम दोरीची वेणी संपवताना शेवटची चौकोनी गाठ नेहमीपेक्षा घट्ट आवळावी, वेणी उलटी करावी, गुंफणीची टोके ३ ते ४ मिलिमीटर ठेवून कापावीत आणि लायटरची ज्योत क्षणभर जवळ नेऊन ती वितळवावीत. वितळलेले टोक धातूच्या चमच्याच्या पाठीने गाठीवर दाबले की ते चपटे होऊन चिकटते. ज्योत दोऱ्याला टेकवू नये, कारण तसे केले तर टोक काळवंडते आणि तो काळा ठिपका पुढून दिसतो. हे काम हवेशीर जागी करावे.

सुती दोरी वितळत नाही, म्हणून तिची टोके जाड सुईत ओवून वेणीच्या मागच्या बाजूच्या तीन-चार आडव्या पट्ट्यांखालून वर न्यावीत, ओढून घ्यावीत आणि पृष्ठभागालगत कापावीत. पट्टा वजन पेलणार असेल तर सुईदोऱ्याने तिथे दोन टाके घालावेत. पारदर्शक गोंदाचा थेंब चालतो, पण तो सुती दोऱ्यावर पसरला तर वाळल्यावर कडक, चकाकता डाग पडतो. गोंद काडीच्या टोकाने लावावा.

खाली गोंडा सोडायचा असेल तर टोके न कापता वेढ्यांची गाठ बांधावी. सुमारे ६० सेंटिमीटरचा वेगळा दोरा घ्यावा. त्याच्या एका टोकाशी लांबट फास करून तो लोंबणाऱ्या दोऱ्यांवर असा ठेवावा की फासाचे वळण खाली आणि आखूड टोक वर राहील. लांब टोकाने वरून खाली, एकाशेजारी एक, ६ ते ८ घट्ट वेढे द्यावेत. आखूड टोक आणि फासाचे खालचे वळण वेढ्यांच्या बाहेर दिसत राहिले पाहिजे. लांब टोक त्या वळणातून ओवावे आणि वरचे आखूड टोक हळूहळू ओढावे. वळण लांब टोकाला घेऊन वेढ्यांच्या आत शिरते. ते साधारण मध्यावर पोचले की थांबावे. जास्त ओढल्यास ते वरून बाहेर येते आणि सगळे पुन्हा करावे लागते. दोन्ही टोके वेढ्यांलगत कापली की गाठ कुठून सुरू झाली आणि कुठे संपली, हे दिसतही नाही.

गोंड्याचे दोरे उलगडून कंगव्याने विंचरावेत, थोडे ओलसर करून हाताने सरळ करावेत आणि वाळल्यावर कागदाची पट्टी भोवती घट्ट गुंडाळून, पट्टीच्या कडेला धरून एकाच सरळ रेषेत कापावेत. ओले असताना कापल्यास दोरे वाळताना आखडतात आणि गोंड्याची कड वरखाली होते.

तयार वेणी कोमट पाण्यात साबणाने धुता येते. ती पिळू नये. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावी, वरचे टोक अडकवून खाली हलका ताण देऊन सावलीत वाळवावी. ओली वेणी अर्धवट आडवी पडून वाळली तर तिला आलेले वळण नंतर सहसा जात नाही.